पाणबुडीची तार आणि कुरवाचे पिल्लू

डिसेंबर १९७३ मध्ये अमेरिकी नौदलाच्या वैद्यकीय विभागाने एक तात्पुरती समिती बोलावली. अतिशय कमी वारंवारितेच्या विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांचा सजीवांवर काय परिणाम होतो, याचा तोवर हाती आलेला पुरावा तपासण्याचे काम तिच्याकडे होते. तिच्या कामकाजाचे इतिवृत्त आजही उपलब्ध आहे. त्यातली एक शिफारस नौदलाला नको त्या दिशेने जाणारी होती. समोर आलेले काही निष्कर्ष पुढच्या प्रयोगांत पक्के ठरले, तर प्रश्न नौदलाच्या एका प्रकल्पापुरता राहणार नाही, ६० हर्ट्झच्या घरगुती विजेच्या तारांजवळ राहणाऱ्या मोठ्या लोकसंख्येचा होईल, असे समितीचे म्हणणे होते. म्हणून राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाशी जोडलेल्या, विद्युतचुंबकीय प्रारणाचा विषय पाहणाऱ्या सल्लागार परिषदेच्या कानावर ही गोष्ट घालावी, असे तिने सुचवले.

या शिफारशीची कथा पुढे फार रंगवून सांगितली गेली. समितीचे एक सदस्य रॉबर्ट बेकर हे सिरॅक्यूजमधल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयातले हाडांचे शल्यचिकित्सक. १९८५ मध्ये गॅरी सेल्डन यांच्याबरोबर लिहिलेल्या ‘द बॉडी इलेक्ट्रिक’ या पुस्तकात त्यांनी अहवाल दाबून टाकल्याचा आरोप केला. बेकर प्रत्यक्ष बैठकीत होते, म्हणून त्यांची साक्ष मोलाची आहे. पण ते या भांडणातले पक्षकारही होते, आणि पुस्तक बारा वर्षांनंतरचे आहे. इतिवृत्तातली ‘पक्के ठरले तर’ ही अट नंतरच्या बहुतेक कथनांतून गळून गेली. नौदलाच्या बाजूने लिहिणाऱ्यांनी उलट ती अटच तेवढी ठेवली आणि शिफारस गाळली. दोन्ही वाचून मूळ कागदाकडे परतले की तो बराच साधा निघतो. काही प्रयोगांत काही तरी दिसले होते, आणि ते पुन्हा करून पाहायला हवे होते.

हा सगळा खटाटोप पाणबुड्यांसाठी होता. खारे पाणी विजेचे वाहक असल्याने नेहमीचे रेडिओ संदेश समुद्रात शिरताच विरतात. वारंवारिता जितकी खाली न्यावी, तितकी लहर खोल उतरते. आपल्याकडे तमिळनाडूत तिरुनेलवेली जिल्ह्यातल्या आयएनएस कट्टबोम्मन या केंद्रावरून नौदल पाणबुड्यांना संदेश पाठवते ते व्हीएलएफ (खूप कमी वारंवारितेच्या) पट्ट्यात, आणि त्या लहरी पाण्यात थोडेच मीटर उतरतात. शंभर मीटर आणि त्याखाली पोचायचे तर शंभर हर्ट्झच्याही खाली जावे लागते. ७६ हर्ट्झला एका लहरीची लांबी जवळजवळ ४,००० किलोमीटर भरते, आणि एवढ्या लहरीसाठी नेहमीचा मनोरा उभारणे केवळ अशक्य. १९५८ मध्ये निकोलस ख्रिस्तोफिलोस यांनी यावर तोडगा सुचवला. अथेन्समध्ये लिफ्ट बसवणाऱ्या कंपनीत नोकरी करता करता स्वतःच्या बळावर भौतिकशास्त्र शिकलेले हे गृहस्थ तेव्हा लिव्हरमोरच्या प्रयोगशाळेत होते. विजेला नीट वाट न देणारा पुरातन खडक जिथे जमिनीखाली आहे, अशा प्रदेशात लांबलचक तार टाकायची आणि दोन्ही टोके जमिनीत पुरायची. वीज खडकातून खोल वळसा घेऊन परत येते आणि तो सगळा वळसाच अँटेना होतो. असा खडक विस्कॉन्सिनच्या उत्तर भागात होता.

नौदलाचा १९६८ मधला मूळ बेत आज वाचला तर खोटा वाटावा असा आहे. सँग्विन नावाच्या या प्रकल्पात सुमारे ९,६०० किलोमीटर तार पुरायची होती. तिने व्यापलेला प्रदेश विस्कॉन्सिन राज्याचा जवळपास दोन पंचमांश भाग होता. शंभर भूमिगत प्रक्षेपकांना ८०० मेगावॉट वीज लागणार होती. अणुहल्ल्यानंतरही निम्मेअर्धे जाळे चालू राहावे, असा त्यामागचा विचार. हे सगळे करून पाणबुडीला तीन अक्षरी संकेत पोचायला पाऊण तासाचा तिसरा हिस्सा, म्हणजे पंधराएक मिनिटे लागत. ‘वर ये आणि नीट ऐक’ याहून अधिक काही सांगण्याची सोय त्यात नव्हती.

चाचणीसाठी शवामेगन राष्ट्रीय वनक्षेत्रात क्लॅम लेक या गावाजवळ दोन तारा उभ्या राहिल्या. प्रत्येकी सुमारे २२ किलोमीटर लांब, एकमेकींना छेदणाऱ्या, खांबांवरून नेलेल्या. त्यांतून ३०० अँपिअर प्रवाह जाई. तारेच्या थेट खाली उभे राहिले तरी चुंबकीय क्षेत्र एक दशांश गाऊसच्या आतच भरते. पृथ्वीचे स्वतःचे क्षेत्र अर्ध्या गाऊसच्या आसपास. म्हणजे तारेचे क्षेत्र दुबळे खरे, पण पृथ्वीचे क्षेत्र स्थिर आहे आणि हे सेकंदाला ७५ वेळा उलटसुलट होणारे. पुढचा सगळा वाद या फरकाभोवती फिरला.

विस्कॉन्सिनचे सिनेटर गेलॉर्ड नेल्सन यांनी प्रकल्पाला विरोध केला. १९७० मधल्या पहिल्या वसुंधरा दिनामागे नेल्सनच होते. पर्यावरणीय परिणामांचा अहवाल बंधनकारक करणारा कायदाही १९७० च्या पहिल्याच दिवशी अमलात आला होता. त्यामुळे प्राण्यांवर प्रयोग करून दाखवणे ही नौदलाची आता हौस राहिली नव्हती, कायदेशीर गरज झाली होती. ही तारीख लक्षात ठेवायला हवी, कारण पुढचा प्रत्येक प्रयोग किती दिवस चालला, हे बव्हंशी प्रकल्पाच्या वेळापत्रकावरून ठरले.

फ्लोरिडात पेन्साकोला इथे नौदलाची वैमानिकी वैद्यक प्रयोगशाळा होती. तिथे जॉन डे लॉर्ज यांनी ऱ्हीसस माकडांना दांडी दाबून खाऊ मिळवायला शिकवले. प्रतिसादाला किती वेळ लागतो, दोन खुणा जुळवताना किती चुका होतात, ठरावीक वेळ थांबून दांडी दाबणे जमते का, असे सगळे मोजले. १९७२ ते १९७४ मधल्या त्यांच्या अहवालांत क्षेत्राचा जोर क्लॅम लेकच्या तारेपेक्षा कितीतरी पट जास्त ठेवलेला आहे. माकडांच्या वागण्यात फरक पडला नाही. अहवाल नीटनेटके आहेत, नकारार्थी निष्कर्ष सरळ मांडलेले आहेत, आणि त्यांवर संशय घ्यावा असे मला त्यांत काही दिसत नाही. मात्र माकडे थोडी होती आणि दर वेळी क्षेत्र चालू असण्याचा काळ बेताचा होता.

त्याच प्रयोगशाळेत डिट्रिख बाइशर आणि सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये माणसांवर प्रयोग केला. मूठभर स्वयंसेवकांना ४५ हर्ट्झच्या एक गाऊस क्षेत्रात जवळजवळ अख्खा दिवस ठेवले. बहुतेकांच्या रक्तातली ट्रायग्लिसराइड ही चरबी पुढच्या एकदोन दिवसांत वाढलेली आढळली. डिसेंबरच्या समितीपुढे चर्चेला आलेल्या निष्कर्षांत हा एक महत्त्वाचा होता. नंतर माकडांवर तो तपासला, तेव्हा तसे काही दिसले नाही. आता या निष्कर्षाचे काय करायचे? दिवसभर बंदिस्त खोलीत बसलेल्या माणसाच्या रक्तातली चरबी जेवणावरून आणि बैठ्या दिनक्रमावरूनही बदलते. बाइशर चुकले असे म्हणायला हे पुरत नाही, आणि बरोबर ठरले असे म्हणायला एक प्रयोग पुरत नाही.

याहून मला अधिक विचारात पाडतो तो विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या पार्कसाइड केंद्रातला निबंध. मायकेल मॅरन, यूजीन गुडमन आणि बेन ग्रीनबाउम यांनी तो १९७५ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात छापला. त्यांचा जीव होता फायसेरम. कुजक्या लाकडावर पिवळ्या, लिबलिबीत थरासारखा पसरणारा. या थरातली असंख्य केंद्रके एकाच वेळी दुभंगतात, त्यामुळे पेशीचक्राचे घड्याळ बघायला तो फार सोयीचा. ७५ हर्ट्झच्या दुबळ्या क्षेत्रात तो वाढवला, तेव्हा सुरुवातीला काहीच घडले नाही. महिन्यांमागून महिने गेल्यावर चक्र मंदावले. दोन विभाजनांमधला काळ लांबला आणि मग तसाच राहिला. परिणाम लहान होता, पण तो यायला सुमारे चार महिने लागले. डे लॉर्ज यांच्या माकडांना तेवढा वेळ मिळालाच नव्हता.

इथे या कागदांची मला दिसणारी मुख्य गोम आहे. वागणूक लगेच बदलते किंवा बदलत नाही, ती मिनिटांत मोजता येते. शरीराची वाढ, झीज, म्हातारपण यांना आयुष्यच द्यावे लागते. नौदलाकडे वागणूक मोजण्याइतका वेळ नेहमी होता, वय मोजण्याइतका जवळजवळ कधीच नव्हता. म्हणून कागदपत्रांत पहिल्या प्रश्नाची उत्तरे भरपूर आणि दुसऱ्याची तुटपुंजी.

पहिल्या प्रश्नाची दोन उत्तरे मात्र जवळून पाहण्याजोगी आहेत, कारण ती क्लॅम लेकच्या तारेखालीच मिळाली. नॉर्दर्न इलिनॉय विद्यापीठाचे विल्यम सदर्न कुरव पक्ष्यांचे अभ्यासक. चोचीवर काळे वलय असलेल्या कुरवाची काही दिवसांची पिल्ले मोकळ्या गोल आखाड्याच्या मध्यावर सोडली की बरीचशी आग्नेयेकडे चालू लागतात, हे त्यांना आधीपासून ठाऊक होते. हिवाळ्यात त्या कुरवांना जायचे असते साधारण त्याच दिशेला. धड पिसेही न फुटलेले पिल्लू तुरुतुरु चालत आखाड्याच्या कडेला पोचते, आणि ते कुठे पोचले त्याची नोंद होते, एवढाच हा प्रयोग. सदर्न यांनी हे आखाडे अँटेनाच्या तारेजवळ मांडले. तार बंद असताना पिल्ले नेहमीच्या दिशेला गेली. चालू असताना वाटेल तिकडे पांगली. ‘सायन्स’ नियतकालिकाने १९७५ मध्ये हे छापले.

दोन वर्षांनी त्याच नियतकालिकात रोनाल्ड लार्किन आणि पामेला सदरलँड यांचा निबंध आला. त्यांनी रडार लावून रात्री स्थलांतर करणारे पक्षी तारेवरून जाताना एकेक करून टिपले. अंधारात कमी उंचीवरून उडणाऱ्या एका पक्ष्यावर रडारची तबकडी रोखून त्याची वाट सेकंदासेकंदाने नोंदवायची, आणि तार चालू आहे की बंद हे नंतर नोंदीशी ताडून पाहायचे. तार चालू असताना पक्षी जास्त वेळा वळत किंवा उंची बदलत. भरकटत मात्र नव्हते. जरा हलून पुन्हा आपल्या वाटेला लागत. प्राण्याला क्षेत्र जाणवणे आणि प्राण्याला ते बाधणे या दोन गोष्टी इथे स्पष्ट वेगळ्या होतात. त्यानंतरच्या वादात दोन्ही बाजूंनी त्या सोयीने एक केल्या.

एव्हाना प्रकल्पाचे नाव सीफेरर झाले होते आणि रोख मिशिगनच्या उत्तर द्वीपकल्पाकडे वळला होता. तिथल्या मतदारांनी १९७६ मध्ये कौल विरोधात दिला, गव्हर्नर विल्यम मिलिकन यांनीही नकार कळवला. त्यातले राजकारण अन्यत्र भरपूर लिहिले गेले आहे. आपल्या कामाचा कागद आहे तो राष्ट्रीय संशोधन परिषदेचा १९७७ चा अहवाल. नौदलाच्या विनंतीवरून नेमलेल्या मंडळाचे अध्यक्ष हार्वर्डचे वुडलँड हेस्टिंग्ज होते. सजीवांमधली जैविक घड्याळे आणि प्रकाश हा त्यांचा विषय, म्हणजे या कामाला माणूस योग्यच. मंडळातल्या काहींनी वीज कंपन्यांच्या बाजूने आधी साक्षी दिल्या आहेत, असा जाहीर आक्षेप बेकर यांनी घेतला. आक्षेप गैर नव्हता. तरीही अहवाल सलग वाचला तर तो कोणाच्या दावणीला बांधलेला वाटत नाही. सदर्न आणि लार्किन यांची निरीक्षणे त्यात नाकारलेली नाहीत. त्यांतून जीवसृष्टीला लक्षणीय अपाय संभवत नाही, असा निष्कर्ष आहे, आणि काही मासे अशी क्षेत्रे ओळखू शकतात हेही नोंदलेले आहे. मंडळाला जे विचारले होते, त्याचे उत्तर त्याने दिले. पिढ्यानुपिढ्या त्या तारेखाली राहणाऱ्या प्राण्यांबद्दल त्याच्यापुढे पुरावाच नव्हता.

नौदलाने वर्षभराचा एक प्रयोगही करवून घेतला होता. जेम्स ग्रिसेट यांच्या या प्रयोगात लहान वयाची साठ ऱ्हीसस माकडे होती, निम्मी क्षेत्रात आणि निम्मी क्षेत्राबाहेर. रक्ताच्या आणि वाढीच्या अनेक मोजमापांत फरक आढळला नाही. एक अपवाद होता. क्षेत्रातल्या नर माकडांचे वजन काहीसे जास्त वेगाने वाढले. अनेक गोष्टी मोजल्या की एखादी योगायोगानेही वेगळी निघते, हे खरे. तरी पेन्साकोलाच्या कागदांत वाढत्या शरीराकडे एवढा वेळ पाहणारा दुसरा प्रयोग मला आढळत नाही, आणि जे एक बोट वर उठले ते नेमके वाढीकडेच होते.

१९८१ मध्ये रेगन प्रशासनाने प्रकल्पाला मंजुरी दिली, पण केवढ्या आकारात? क्लॅम लेकची जुनी तार आणि मिशिगनमध्ये रिपब्लिकजवळ नवी, मिळून सुमारे १३५ किलोमीटर. मूळ बेताच्या सत्तराव्या हिश्श्याइतकी. १९८४ च्या प्रारंभी संघीय जिल्हा न्यायाधीश बार्बरा क्रॅब यांनी काम थांबवले. नौदलाच्या १९७७ च्या पर्यावरणीय परिणामांच्या अहवालानंतर जैविक परिणामांविषयी नवी माहिती पुढे आली आहे, आणि तिची दखल घेणारी पुरवणी नौदलाने काढलेली नाही, हे त्यांचे कारण. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अपील न्यायालयाने मनाई उठवली. नव्या माहितीने चित्र मुळातून बदललेले नाही, शिवाय राष्ट्रीय संरक्षणाचे पारडेही तोलायला हवे, असे त्या निकालाचे म्हणणे. दोन्ही निकालपत्रांत शास्त्रीय निबंधांची चर्चा आहे, आणि दोन्हीकडे प्रश्न कायद्याचा आहे: नौदलाने पुरेसे पाहिले का? प्राण्यांना काय झाले, हे न्यायालयाला ठरवायचेच नव्हते. नंतरच्या पत्रकांनी मात्र ते निकाल प्राण्यांविषयीचेच असल्यासारखे वापरले.

दरम्यान १९८२ पासून परिसराची पाहणी सुरू झाली होती. शिकागोच्या आयआयटी संशोधन संस्थेच्या देखरेखीखाली मिशिगन स्टेट, मिशिगन टेक आणि मिनेसोटाच्या दुलुथ केंद्रातली माणसे त्यात होती. पाने कातरून घरटी करणाऱ्या एकांड्या मधमाश्यांसाठी भोके पाडलेले लाकडी ठोकळे जंगलात ठेवले आणि प्रत्येक घरट्यातल्या पानांचे तुकडे मोजले. जंगली उंदीर आणि ढोलीत घरटी करणाऱ्या पाकोळ्या पकडून दूर सोडल्या आणि कोण किती वेळात घरी परतते ते पाहिले. गांडुळे, मातीतले अमिबा, फोर्ड नदीतले शेवाळ, सगळ्यांची दप्तरे भरली. अकरा-बारा वर्षांच्या या कामात घरी परतण्याची वागणूक वगैरे बिघडल्याचे सातत्याने कुठे दिसले नाही. दिसले ते भलतीकडेच. मिशिगन टेकच्या डेव्हिड रीड आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये छापले की अस्पेन आणि रेड मेपल या झाडांची खोडे १ ते ७ मिलिगाऊसच्या पट्ट्यात अपेक्षेपेक्षा जास्त जाड होत होती. त्याहून प्रबळ क्षेत्रात ही वाढ नव्हती. एवढे मिलिगाऊस तर घरातल्या विजेच्या उपकरणांजवळही असतात.

संशोधन परिषदेने १९९७ मध्ये या पाहणीचे परीक्षण केले. तारेजवळच्या आणि दूरच्या जागा फार थोड्या, लहान परिणाम पकडण्याची ताकद मर्यादित, वेगवेगळ्या गटांच्या कामाची सांगड कमी, असे दोष दाखवून शेवटी मोठ्या अपायाचा पुरावा नाही, असेच म्हटले. माझ्या मते या सगळ्या मालिकेतला हा सर्वांत प्रामाणिक कागद आहे, कारण ‘दिसले नाही’ याचा अर्थ कुठवर ताणता येतो, हे त्यात सांगितले आहे.

अख्ख्या आयुष्याचा प्रश्न शेवटी विचारला गेला तो नौदलाच्या धारिकेबाहेर. राष्ट्रीय विषविज्ञान कार्यक्रमाने ६० हर्ट्झच्या क्षेत्रात मोठे आणि छोटे उंदीर दोन वर्षे ठेवले, म्हणजे जवळजवळ त्यांचे म्हातारपण येईपर्यंत. प्रत्येक गटात एकेका लिंगाचे शंभर. हे काम झाले शिकागोच्या त्याच आयआयटी संस्थेत. १९९९ च्या अहवालात मोठ्या उंदरांच्या नरांमध्ये थायरॉइडच्या एका प्रकारच्या पेशींच्या गाठी २० मिलिगाऊस आणि २ गाऊस या गटांत वाढलेल्या आहेत, १० गाऊसला तशा नाहीत. अहवालाने पुराव्याला संदिग्ध ठरवले. मेपलच्या बाबतीतही क्षेत्र वाढले की परिणाम वाढला नव्हता. दोन ठिकाणचे हे साम्य योगायोगाचेही असेल; त्यावर सिद्धांत उभारण्याची घाई मी करणार नाही.

३० सप्टेंबर २००४ रोजी नौदलाने दोन्ही केंद्रे बंद केली, यंत्रणा कालबाह्य झाली असे कारण देऊन. त्यामुळे एक उलटा प्रयोग आपोआप सुरू झाला. रीड यांचे म्हणणे खरे असेल, तर रिपब्लिकजवळच्या मेपलांची २००४ नंतरची वार्षिक वलये त्याआधीच्या वलयांपेक्षा, हवामान आणि झाडाचे वय वजा जाता, बारीक निघायला हवीत. गिरमिटाने खोडातून पेन्सिलीएवढी कांडी काढली की ती मोजता येतात आणि झाडही जगते. मेपल शंभर वर्षे उभा राहतो, अस्पेन साठ-सत्तर वर्षांत आतून पोखरतो. तेव्हा कोणाला वलयांचा हा कागद वाचायचा असेल, तर सुरुवात अस्पेनपासून करावी.